नागपुरातला ‘घाट’

पुण्या-साताऱ्याकडे ‘घाट’ म्हटले की डोंगरातली वळणांची वाट, बोरघाट किंवा खंबाटकी, डोळ्यांपुढे येते. नागपुरात याच शब्दाने स्मशान समजते. अंबाझरी घाट, गंगाबाई घाट, मानेवाडा घाट ही तिथल्या दहनभूमींची रोजची नावे आहेत. निधनवार्तेत ‘अंत्यसंस्कार अंबाझरी घाटावर’ एवढे छापले की पुरते.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘घट्ट’, म्हणजे पाण्यात उतरण्याची जागा. दहन नदीकाठी होई, नंतर तिथेच स्नान करून परतायचे. त्यामुळे काठाचे नाव दहनाच्या जागेला चिकटले. काशीचा मणिकर्णिका घाट हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप. नागपूर आधी मध्य प्रांताची, पुढे 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. हिंदीशी असलेल्या या दीर्घ शेजारामुळे इथे हा अर्थ पक्का झाला असावा.

आता घाटावर सिमेंटचे ओटे आणि पत्र्याच्या शेड दिसतात. लाकडाच्या जोडीला शेतातल्या काडीकचऱ्यापासून बनवलेल्या विटा, म्हणजे ‘मोक्षकाष्ठ’, वापरात आल्या आहेत. पायऱ्या आणि पाणी नजरेआड झाले, तरी ‘स्मशानात नेले’ हे शब्द ज्याला कठोर वाटतात, तो माणूस आजही ‘घाटावर नेले’ असेच म्हणतो.