भोकाचा पैसा

आमच्या खानदेशात जुन्या घराचं फडताळ उपसलं की अजूनही एखादा भोकाचा पैसा हाती लागतो. १९४३ ते १९४७ या काळात तो टाकसाळीतून निघाला. महायुद्धामुळे तांब्याची टंचाई होती, बाजारात चिल्लर मिळेना. आधीचा पैसा सुमारे पावणेपाच ग्रॅमचा. मधोमध भोक पाडलेला हा नवा पैसा जेमतेम दोन ग्रॅम भरे. राजाच्या चेहऱ्याला जागाच राहिली नाही, भोकावर नुसता मुकुट उरला! आयाबायांनी तो लेकरांच्या करदोड्यात ओवला, मिस्त्रींनी वॉशर म्हणून लावला.

भोकाच्या नाण्यांचं थोरलं घराणं मात्र चीनचं. इ.स.पूर्व २२१ मध्ये देश एक करणाऱ्या चिन सम्राटाने चौकोनी भोकाचं गोल नाणं सगळीकडे लागू केलं; ही घडण विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. आपल्याकडे नाणी ठोकून पाडत, तिकडे ब्राँझ ओतून करत. साच्यातून फांदीला फळं लागावीत तशी नाणी निघत. ती तोडून चौकोनी सळईवर ओवायची आणि कडा कानशीने घासायच्या. गोल भोकात नाणं फिरलं असतं. आकाश गोल, धरती चौकोनी, असा अर्थही चिनी लोक लावतात. मला कानशीचं कारण जास्त पटतं.

हजार नाण्यांची एक माळ. १०८० च्या सुमारास सुंग राज्यात वर्षाला पन्नास लाखांवर माळा ओतल्या जात, तरी चिल्लर पुरेना. चांग फांगपिंग नावाच्या अधिकाऱ्याची तक्रार होती, की नाणी वितळवून भांडी केली तर पाचपट नफा होतो, मग नाणी राहतील कशी? धातू आकड्याहून महाग झाला की गरिबाच्या हातची मोड आधी जाते. आपल्याकडे १९४३ ला हेच दुखणं होतं.

चीनने नाणी बाहेर नेण्यावरची बंदी १०७४ मध्ये उठवली. १०७७ मध्ये चोळांचे बहात्तर जण सुंग दरबारी गेले आणि तांब्याच्या नाण्यांच्या ८१,८०० माळा घेऊन परतले. तमिळ मुलखात नाण्याला 'कासु' म्हणत. पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेलेला तोच शब्द पुढे या चिनी नाण्याचं नाव झाला, 'कॅश'. जुन्या तंजावर जिल्ह्यात अशी चिनी नाणी जमिनीत सापडली आहेत, पण ती शेकड्या-हजारांनी, कोट्यवधींनी नव्हे. बाकीची कुठे गेली? चोळांचे कारागीर ब्राँझच्या मूर्ती ओतण्यात नाणावलेले होते. माझा संशय त्यांच्या भट्टीवर आहे.