विराणी म्हणजे काय? ओढ आणि स्वीकार एकत्र कसे नांदतात?

मेसेज वाचल्याची निळी खूण दिसते, पण उत्तर येत नाही. जवळचं माणूस कधी नोकरीसाठी दूर जातं, कधी अबोला धरतं. अशा वेळी सल्ले दोनच मिळतात: वाट बघ, नाहीतर सोडून दे. वारकरी संतांच्या रचनांमध्ये मात्र तिसरी वाटही सापडते.

विराणी म्हणजे काय?

विराणी म्हणजे विरहाचा अभंग. त्यात संत स्वतःला विरहिणी समजून विठ्ठलाची वाट पाहतात. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या विराण्या प्रसिद्ध आहेत. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली आणि लता मंगेशकरांचा आवाज यांमुळे त्यातल्या काही घराघरांत पोहोचल्या. तुकारामांनीही विराण्या रचल्या.

स्वीकार म्हणजे गप्प बसणं का?

नाही. नामदेव विठ्ठलाकडे हट्ट धरतात, जनाबाई तर त्याच्याशी चक्क भांडते. भेटीची ओढ लपवायची नसते, ती बोलून दाखवायची असते. पण तो कधी भेटेल हे आपल्या हातात नाही, एवढं मान्य करायचं असतं.

वारीत हे कसं दिसतं?

देहू आणि आळंदीहून निघालेल्या पालख्या सुमारे तीन आठवडे चालून आषाढी एकादशीसाठी पंढरपूरला पोहोचतात. तिथे दर्शनाची रांग इतकी लांबते, की अनेक वारकरी नामदेव पायरीवर माथा टेकवून आणि कळसाला हात जोडून परततात. इतकं चालूनही मूर्ती दिसली नाही, तरी वारी पोहोचली असंच ते मानतात. कळसाचं दर्शनही त्यांच्यासाठी दर्शनच. पुढच्या वर्षी ओढ पुन्हा तितकीच असते.

नात्यात याचा उपयोग काय?

'तुझी आठवण येते' हे सांगणं आपल्या हातात असतं, समोरच्याचं उत्तर नसतं. हा फरक कळला की वाट पाहताना सारखा हिशेब मांडावा लागत नाही आणि नातं तोडण्याची घाईही होत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नये. विराणीत वाट पाहिली जाते ती देवाची. नात्यात समोर माणूस असतो. त्याने केलेला अपमान किंवा मारहाण निमूट सोसणं म्हणजे स्वीकार नव्हे. तिथून बाहेर पडल्यावरही आठवण येऊ शकते, आणि आठवण येते म्हणून परत जायलाच हवं असं नाही.