चाकाची धाव

ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावू शकणाऱ्या टायरच्या कडेवर ‘वाय’ हे अक्षर छापलेले असते. २५५/४० झेडआर १९ मापाचा असा टायर त्या वेगाला सेकंदात सुमारे ३९ फेरे घेतो, आणि त्याच्या पाठीवरच्या एक ग्रॅम रबराला बाहेर भिरकावू पाहणारी ओढ दोन किलो वजनाइतकी होते. ही ओढ एकट्या रबराला सोसवत नाही, आणि आतली हवा तर स्वतःच बाहेर रेटत असते. टायर शाबूत राहतो तो रबराखाली दडलेल्या, न ताणणाऱ्या पट्ट्यांमुळे. आधी पोलादी तारांचे थर असतात आणि त्यांच्यावर, चाक फिरते त्याच दिशेने वेटोळे घालत नेलेला नायलॉनचा किंवा अॅरामिडचा थर असतो. भारी गाडीसाठी टायर घेताना दुकानात माणूस नक्षी पाहतो, पण वेगाची हमी हा पट्टा देतो. माझे म्हणणे असे की हा पट्टा म्हणजे आपल्या बैलगाडीच्या चाकाची धाव आहे, आणि टायरची कुळकथा डनलॉपच्या हवेपेक्षा लोहाराच्या भट्टीपासून सांगणे जास्त खरे आहे.

धाव म्हणजे लाकडी चाकावर चढवलेले लोखंडी कडे. चाकाच्या घेरापेक्षा ते जरा लहान घडवायचे, गोवऱ्यांच्या आगीत लालबुंद तापवून फुगवायचे, चाकावर बसवून ठोकायचे आणि वर पाणी ओतायचे. लोखंड आकसते, आरे तुंब्यात रुततात आणि सुट्या लाकडांचे एक चाक होते. काम तर बांधण्याचे, मग नाव धावण्याचे का? एक आक्षेप उघड आहे. धावते ते सगळे चाक, त्यातल्या एका भागाला हे नाव कसे मिळेल? शिवाय संस्कृतात नेमि होता, वेदांत चाकाच्या धातूच्या कडीला पवि म्हणत, अश्विनांच्या रथाचे पवी तर सोन्याचे. हे शब्द सोडून मराठीने नवा शब्द का घडवला? याचे उत्तर मला मोटेच्या विहिरीवर सापडते. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात आणि उलट पावली मागे सरतात, त्या वाटेलाही धावच म्हणतात. म्हणजे मराठीत धाव ही नुसती क्रिया नाही, ती क्रिया जिथे घडते ती जागाही धावच. विहिरीवर ती जमिनीवर आखलेली असते, चाकाला ती भोवताली गुंडाळलेली. शेतकऱ्याने दोन्हीकडे एकच गोष्ट पाहिली: जिथे घासायचे, झिजायचे आणि तरी टिकायचे ती कठीण वाट. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाला इंग्रजीने पाऊल टाकण्यावरून ट्रेड म्हटले, जर्मनने धावण्याचा पृष्ठभाग म्हटले, फ्रेंचने गडगडण्याची पट्टी. जर्मन गाडीवानाने आणि आपल्या गाडीवानाने एकमेकांना न विचारता एकच क्रियापद निवडले आहे.

इंग्रजी ‘टायर’ शब्दाचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. बहुतेक कोशकार तो ‘अटायर’, म्हणजे पेहराव, या शब्दाचा तुकडा मानतात: चाकाला घातलेला पोशाख. दुसरा पक्ष म्हणतो की हे ‘टाय’ म्हणजे बांधणे, चाकाच्या घेरातल्या लाकडांना बांधणारा तो टायर. चाक कसे बनते हे ज्याने पाहिले आहे त्याला दुसरा अर्थ एकदम पटतो, आणि फ्रेंच भाषा त्याच्या बाजूने उभी राहते, कारण तिथे चाकाच्या लोखंडी कड्याला चक्क बँडेज म्हणतात. तरीही मी पेहरावाच्या बाजूचा आहे. पंधराव्या शतकात हा शब्द रुजला तेव्हा इंग्लंडमधल्या गाड्यांवर सर्रास दिसत ते अखंड कडे नव्हे, तर लाकडाच्या सांध्यांवर खिळ्यांनी ठोकलेले लोखंडी पत्र्यांचे वाकवलेले तुकडे, आणि टायर हे त्या सगळ्या तुकड्यांचे मिळून नाव होते. तापवून आकसवलेले अखंड कडे ब्रिटनमध्ये लोहयुगातल्या रथांना होते, पण मध्ययुगीन गाडीवाल्याने तुकड्यांवर भागवले. आता कोणी म्हणेल, सांध्यांवरचे तुकडेही लाकडे धरूनच ठेवत. धरत होते, पण खिळ्यांच्या जोरावर. न ताणणाऱ्या वेढ्याच्या जोरावर नव्हे. ज्या वस्तूने अजून आवळायला सुरुवात केली नव्हती तिला आवळणारी हे नाव कोण देईल? बांधणी वस्तूत नंतर आली, शब्दात कधीच आली नाही.

मधली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: टॉमसनचे १८४५ चे हवेच्या चाकाचे पेटंट, १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉपने केलेले सायकलचे टायर. डनलॉपनंतरच्या पन्नास-साठ वर्षांत टायरमधून धाव निघून गेली. तिरप्या धाग्यांच्या जुन्या टायरात आवळणारे वेगळे काही नव्हते, तेच कापड आकार धरी आणि तेच लवे, म्हणून वेग वाढला की टायर तापे, फुगे आणि रस्त्यावरची पकड डळमळे. मिशलँने १९४६ मध्ये रेडियलचे पेटंट घेतले तेव्हा धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे टाकले. पण नुसते तसे धागे म्हणजे ढिली पिशवी, म्हणून वरून पोलादी पट्टा आवळावा लागला. लोखंडी कडे साठ वर्षांनी रबराच्या आत परत आले. नावांनीही ते मान्य केले आहे. पिरेलीने आपल्या टायरला चिंतुरातो म्हटले, म्हणजे पट्टा बांधलेला, आणि जर्मनमध्ये रेडियलला गुर्टेलरायफेन म्हणतात, पट्ट्याचे कडे. पुढे पिरेलीने पी७ मध्ये पोलादावर फिरण्याच्या दिशेने नायलॉन गुंडाळले. हा टायर १९७४ मध्ये लान्सिया स्ट्रॅटॉस या रॅलीच्या गाडीसाठी बनला आणि तिथून पोर्शे ९११ टर्बोवर गेला.

हे रूपक लांबवर ताणलेले आहे असा आक्षेप येईल. लोखंडी धाव आत आवळते, टायरमधली हवा बाहेर ढकलते, दोन्ही उलट. पण कड्याच्या जागी उभे राहून पाहिले तर फरक उरत नाही, दोन्ही ठिकाणी कडे ताणलेले आहे आणि त्या ताणावरच चाकाचा आकार टिकतो. पुरावा देखभालीत मिळतो. उन्हाळ्यात लाकूड आकसले की धाव सैल होते, म्हणून चाके पाण्यात भिजवून फुगवत. टायरमध्ये लाकडाचे काम हवा करते: तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की दाब साधारण एक पीएसआयने घटतो, पट्टा सपाट राहत नाही, टायरच्या दोन्ही कडा आधी झिजतात आणि टायर तापतो. तापमानाने दाब असा बदलतो, म्हणूनच दाब थंड टायरवर मोजा असे गाडी बनवणारे सांगतात.

या कुळकथेतून टायरच्या निवडीचा गुंताही सुटतो. लोखंडी धाव आवळण्याचे आणि धावण्याचे काम एकटी करायची. टायरने ती कामे वाटून दिली: आवळायला पोलाद आणि नायलॉन, धावायला रबर. वाटणी झाल्यामुळे रबर हवे तितके मऊ करता आले. पकड आली, पण आयुष्य गेले. टायरवर छापलेला टिकाऊपणाचा ट्रेडवेअर आकडा स्पोर्ट टायरांवर ३०० च्या आसपास किंवा त्याहून खाली असतो, लांबच्या प्रवासाच्या टायरांवर ५०० च्या पुढे सहज जातो. म्हणून मऊ टायर लवकर गोटा होतो, आणि मागची चाके पुढच्यापेक्षा रुंद असली तर त्यांची पुढे-मागे अदलाबदलही करता येत नाही. पोर्शेसाठीचा ‘एन’, मर्सिडीजसाठीचा ‘एमओ’, बीएमडब्ल्यूसाठीचा तारा, या खुणा त्या गाडीला जुळवून घेतलेल्या बांधणीच्या आहेत, म्हणून चारही चाकांना एकाच खुणेचे टायर घेणे मला शहाणपणाचे वाटते. आपल्या खड्ड्यांचा धोका मात्र वेगळ्या जागी आहे. २५५/४० टायरची बाजू जेमतेम १०२ मिलिमीटर उंच, तिथे पट्टा पोहोचत नाही. खड्ड्याच्या काठावर ती रिमखाली चेपली की आतले धागे तुटतात आणि कडेला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.