शरण आलेल्याची जबाबदारी

मुंबईच्या मांडवी भागातील आपल्या समाजाच्या पहिल्या सिनेगॉगचे नाव ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. १७९६ साली हे प्रार्थनामंदिर उभारणारे सामाजी हसाजी दिवेकर हे धर्मपंडित नव्हते किंवा मोठे व्यापारीही नव्हते. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले आणि टिपूच्या मातोश्रींनी रदबदली केल्यामुळे त्यांचे प्राण वाचले, अशी हकीकत आपण वाडवडिलांच्या तोंडून ऐकत आलो आहोत. तिच्यात इतिहास किती आणि दंतकथा किती, या वादात आम्ही शिरत नाही. आपले पहिले प्रार्थनामंदिर कैदेतून सुटून आलेल्या एका सैनिकाने बांधले आणि त्याला दयेचे नाव मिळाले, एवढी गोष्ट आम्हाला पुरेशी वाटते.

ही झाली कैद्याची बाजू. कैदी ज्याच्या हाती सापडतात त्या विजेत्याची बाजू आज आम्ही वाचक बंधुभगिनींपुढे मांडू इच्छितो. त्यासाठी १९७१ च्या डिसेंबरातील डाक्का शहराकडे वळावे लागेल. तेथील शरणागतीच्या वाटाघाटी ज्या सेनाधिकाऱ्याने केल्या ते मेजर जनरल जे. एफ. आर. जेकब यहुदी होते. ते बेने इस्राएल नव्हते. कलकत्त्याच्या बगदादी यहुदी घराण्यात त्यांचा जन्म झाला होता. युरोपात नाझींनी आपल्या लोकांवर चालविलेल्या अत्याचारांच्या बातम्या ऐकून १९४२ साली ते सैन्यात दाखल झाले. १९७१ साली ते भारतीय सैन्याच्या पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ होते.

त्या वर्षी २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने पूर्व पाकिस्तानात दडपशाही सुरू केली. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ३ डिसेंबरला उघड युद्ध पेटले. १४ डिसेंबरला, म्हणजे पराभव समोर दिसत असताना, डाक्क्यातील प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार अशा अनेक बुद्धिमंतांना घरांतून ओढून नेऊन ठार करण्यात आले. डाक्क्याच्या जनतेच्या मनातील संताप कोठून आला होता, हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढील हकीकतीचे मोल कळणार नाही.

१६ डिसेंबरच्या सकाळी सरसेनापती माणेकशा यांनी जेकब यांना दूरध्वनी करून डाक्क्यास जाण्याची आणि त्याच दिवशी शरणागती घेण्याची आज्ञा केली. माणेकशांनी त्याआधीच आकाशवाणीवरून आणि पत्रके टाकून पाकिस्तानी सैनिकांना कळविले होते की, शस्त्रे खाली ठेवलीत तर जिनिव्हा कराराप्रमाणे तुम्हाला वागविले जाईल. जेकब जवळजवळ एकटेच, शरणागतीचा मसुदा बरोबर घेऊन, शत्रूच्या मुख्यालयात गेले. त्यांनीच पुढे लिहिल्याप्रमाणे, त्या वेळी डाक्क्यात २६,४०० पाकिस्तानी सैनिक होते आणि शहराच्या आसपास भारतीय सैनिक मात्र सुमारे ३,०००.

जनरल नियाझी यांना युद्धविराम हवा होता. शरणागतीचा मसुदा पाहून ते हबकले. जेकब यांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले की, तुम्ही शरण आलात तर तुमचे सैनिक, त्यांची कुटुंबे आणि शहरातील अल्पसंख्याक यांच्या संरक्षणाची हमी आम्ही घेतो. नाही आलात तर पुढे जे घडेल त्याची जबाबदारी आमच्यावर नाही. विचारासाठी त्यांनी तीस मिनिटे दिली आणि ते बाहेर येऊन येरझारा घालू लागले. नियाझींनी नकार दिला तर काय, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. अर्ध्या तासाने ते आत गेले तेव्हा मसुदा टेबलावर तसाच पडून होता. हे मान्य आहे का, असे त्यांनी तीनदा विचारले. नियाझी गप्प राहिले. तेव्हा कागद उचलून जेकब म्हणाले की, मान्य आहे असे मी समजतो.

येथे धमकी होती, बतावणी होती, हे आम्ही लपवीत नाही. या विजयाच्या श्रेयाबद्दलही सेनाधिकाऱ्यांत आणि इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु धमकीच्या जोडीला दिलेले वचन पोकळ नव्हते, हा आमच्या लेखाचा मुद्दा आहे. शरणागतीच्या लेखातच जनरल अरोरा यांच्या नावे ग्वाही आहे की, शरण आलेल्यांना सैनिकाला शोभेल असा मान दिला जाईल आणि परदेशी नागरिक, अल्पसंख्याक व पश्चिम पाकिस्तानी लोक यांचे रक्षण केले जाईल. पराभूताच्या सहीपूर्वी विजेत्याने स्वतःला बांधून घेतले होते.

नियाझींना सही कार्यालयात, चार भिंतींच्या आड करायची होती. जेकब यांनी ते मानले नाही. ज्या लोकांनी नऊ महिने सोसले त्यांच्या डोळ्यांदेखत, रमणा रेसकोर्सच्या मैदानावर ती व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. काहींना हे निष्ठुर वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना त्याचा शेवट पाहू देणे हीही दयाच आहे. आणि सही होताच खवळलेला जमाव नियाझींच्या रोखाने सरकू लागला, तेव्हा त्यांच्याभोवती कडे करून त्यांना जीपमध्ये बसवून सुखरूप नेणारे भारतीय सेनाधिकारीच होते. पुरेसे भारतीय सैन्य शहरात येईपर्यंत पाकिस्तानी सैनिकांना स्वसंरक्षणासाठी शस्त्रे जवळ ठेवू देण्यात आली. कालच्या शत्रूच्या हाती बंदूक राहू द्यायला लागते ते धैर्य लढाईतल्या धैर्याहून कमी नव्हे.

दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, धानमंडीतील एका घरात शेख मुजीबुर रहमान यांचे कुटुंब अजून पाकिस्तानी पहारेकऱ्यांच्या ताब्यात होते. शरणागती झाली हे पहारेकऱ्यांना ठाऊकच नव्हते. मेजर अशोक तारा यांनी आपले हत्यार मागे ठेवले आणि ते एकटे, नि:शस्त्र त्या घरापाशी गेले. छातीला बंदुकीची नळी लागली असताना त्यांनी त्या जवानांना समजावले की, डोक्यावरून भारतीय हेलिकॉप्टर फिरत आहेत, युद्ध संपले आहे, आणि तुम्ही शरण आलात तर आपल्या घरी, मुलाबाळांत परत जाल. त्यांना ते पटले आणि गोळी न झाडता कुटुंब सुटले. पुढे बांगलादेशाच्या पंतप्रधान झालेल्या शेख हसीना त्या कुटुंबात होत्या.

सगळेच असे निभावले नाही. १८ डिसेंबरला डाक्क्यात हातपाय बांधलेल्या काही कैद्यांना भर गर्दीत संगिनींनी भोसकण्यात आले आणि त्याची छायाचित्रे जगभर छापली गेली. पुढील काळात बिहारी मुसलमानांचेही फार हाल झाले. वचन एका सेनापतीने दिले तरी ते पाळायला प्रत्येक गल्लीत माणूस उभा असावा लागतो, हा त्याचा अर्थ.

सुमारे ९३,००० युद्धकैदी भारतात आणले गेले. ते छावण्यांतून राहिले आणि वाटाघाटी पुऱ्या झाल्यावर, १९७४ च्या एप्रिलपर्यंत, आपल्या घरी परतले. दरम्यान २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला. बांगलादेशातून भारतीय सैन्य १९७२ च्या मार्चमध्येच, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, माघारी आले. जिंकलेली फौज दुसऱ्याच्या देशात मुक्काम ठोकत नाही, हे त्या नव्या राष्ट्राने पाहिले. भारत व पाकिस्तान यांचे वैर मात्र मिटले नाही. १९९९ साली कारगिलला पुन्हा रक्त सांडले. मग त्या दयेचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, दया हा सौदा नव्हे. परंतु हजारो माणसे आपल्या घरी जिवंत पोहोचली आणि त्यांच्या मुलांना सूड घ्यावा असे एक कारण कमी मिळाले, हा हिशेब लहान नाही.

आपल्या तनाखमध्ये, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, एलिशा नबीची गोष्ट आहे. अरामी सैन्य आंधळे होऊन शोमरोनमध्ये इस्राएलच्या राजाच्या हाती सापडले. यांना मारू का, असे राजाने विचारले. नबीने नकार दिला आणि त्यांना अन्नपाणी द्यायला लावले. राजाने मोठी मेजवानी दिली, त्यांना त्यांच्या धन्याकडे परत पाठविले आणि अरामी टोळ्या इस्राएल देशात पुन्हा आल्या नाहीत. पुढच्याच ओळीत अरामाच्या राजाने शोमरोनला वेढा घातल्याचे लिहिले आहे, हेही वाचकांनी विसरू नये. धर्मग्रंथानेही खोटी आशा दाखविलेली नाही, आणि तरीही नबीचा निर्णय चुकला असे कोठे म्हटलेले नाही.

जेकब पुढे लेफ्टनंट जनरल झाले, १९७८ साली निवृत्त झाले आणि नंतर गोवा व पंजाब या राज्यांचे राज्यपाल झाले. २०१६ च्या जानेवारीत दिल्लीत त्यांचे निधन झाले. २०१९ साली जेरुसलेमच्या गिवात हाताख्मोशेत येथे त्यांच्या नावाची पाटी बसविण्यात आली. आपल्यापैकी कोणी तिकडे गेले तर मुलानातवंडांना ती जरूर दाखवावी. डाक्का जिंकल्याची गोष्ट ती मुले आवडीने ऐकतील. परंतु आपल्या घराघरांतून मुले-मुली सैन्यात जातात. हात वर करून उभा असलेला माणूस त्यांच्यापैकी कोणासमोर कधी येईल, हे सांगता येत नाही. म्हणून नियाझींभोवती सेनाधिकाऱ्यांनी केलेल्या कड्याची गोष्ट त्यांना आधी सांगावी, अशी आमची आपणा सर्वांना विनंती आहे.