होटगीतला प्रेक्षक कुणी मोजला?

मंडळी, मोटर रेसिंगचा विषय निघाला की आकडे थेट कोटीतच येतात. २००८ साली फॉर्म्युला वनचा जगभरातला टीव्ही प्रेक्षक साधारण ६० कोटी सांगितला जायचा. २०१७ साली तोच आकडा ३५ कोटींच्या आसपास आला. आता माझं दिवसभराचं काम म्हणजे डेटाबेस. त्यामुळे आकडा दिसला की पहिला प्रश्न पडतो, हा मोजला कसा? आणि दुसरा, आमच्या होटगीतला माणूस यात धरलाय का?

होटगी माहीत नसणाऱ्यांसाठी: सोलापूर सोडलं की लगेच लागणारं जंक्शन. मेन लाइन पुढे वाडीकडे जाते आणि इथूनच एक फाटा विजापूर-गदगला. गावात मराठी-कानडी दोन्ही चालतं, एका वाक्यात दोन्ही आलं तरी कुणी वळून बघत नाही.

टीव्हीचा आणि या भागाचा संबंध मात्र मजेशीर आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवला गेला. त्यात कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. महाराष्ट्र नव्हता. म्हणजे फाट्यावरची गाडी पकडून हद्द ओलांडली की गावात टीव्ही, अलीकडे होटगीत नाही! माणसं तीच, शेती तीच, भाषाही बरीचशी तीच. फरक फक्त नकाशावरच्या रेघेचा. ही रेघ लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता रेसकडे वळू. मोटर रेस हा मुळात टीव्हीला न जमणारा प्रकार. ट्रॅक काही किलोमीटरचा, गाड्या क्षणात नजरेआड. बीबीसीने फॉर्म्युला वन नियमित दाखवायला सुरुवात केली ती १९७८ मध्ये. अमेरिकेत १८ फेब्रुवारी १९७९ ला सीबीएसने 'डेटोना ५००' ही पाचशे मैलांची रेस पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली. त्या दिवशी पूर्व अमेरिकेत प्रचंड बर्फ पडलेला, लोक घरात अडकलेले. त्यात शेवटच्या लॅपला पहिल्या दोन गाड्या एकमेकांवर आदळल्या, ड्रायव्हर उतरून हाणामारीवर आले आणि मागून येणारा रिचर्ड पेटी जिंकून गेला. स्टॉक कार रेसिंग अमेरिकाभर पोचलं ते त्या दिवशी, असं मानतात. थोडक्यात, आवड आकाशातून पडत नाही. मोकळा वेळ, फुकट चॅनेल आणि एक जबरदस्त गोष्ट एकत्र आली की ती तयार होते.

आपल्याकडे काय होतं? केबल आली, स्टार स्पोर्ट्स आलं. स्टीव्ह स्लेटरची कॉमेंट्री ज्यांनी ऐकली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. युरोपातल्या रेस आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेपाचला लागायच्या. वेळ म्हणाल तर उत्तम. २००० ते २००४ सलग पाच वर्षं शूमाकर चॅंपियन. शिवाय २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल सचिनला मिळालेली फेरारी! फेरारी म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या अर्ध्या पोरांना सचिनमुळे कळलं असेल.

पण खेड्यात साडेपाचला लाइट असेलच असं नाही. दोन हजारच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने जे भारनियमन सोसलं ते आठवा. माझा चुलतभाऊ शूमाकरचा भक्त. लाइट आले की धावत टीव्ही लावायचा तेव्हा वीसावा लॅप चालू. शेजारी बसलेल्या काकांचा प्रश्न ठरलेला, "काय बे, नुसतं गोल गोल फिरायलेत की! पहिला कोण हाय?" आणि त्याचं उत्तर भावाकडेही नसायचं, कारण पिट स्टॉपचं गणित हुकलेलं. सुरुवात चुकलेली रेस समजत नाही. क्रिकेटचं तसं नाही, स्कोअर बघितला की काम झालं.

आपला माणूस आला तोही असाच. ६ मार्च २००५ ला नारायण कार्तिकेयन जॉर्डनच्या गाडीतून मेलबर्नला उतरला, फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय. त्याचे पहिले गुण आले १९ जूनला इंडियानापोलिसमध्ये. टायरच्या वादामुळे मिशेलिनवाल्या १४ गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर परत गेल्या, ट्रॅकवर उरल्या फक्त सहा. नारायण चौथा, पाच गुण. मैदानात प्रेक्षक संतापलेले, आपल्याकडे मध्यरात्र. इतिहास घडला, पण गोष्ट म्हणून कुणाला सांगणार?

आता ती रेघ. या सगळ्या काळात टीआरपी मोजणारी मुख्य संस्था होती टॅम. २०१० च्या सुमारास तिचे मीटर देशभरात जेमतेम आठ हजार घरांत होते आणि तेही सगळे शहरांत. ग्रामीण भारत शून्य. शून्य म्हणजे कमी नव्हे, मोजलाच नाही! प्रोग्रामर मंडळींना कळेल, शून्य आणि नल यातला फरक :-) पण अहवालात दोन्ही सारखेच दिसतात.

अशा आकड्यांच्या जगात ३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडाला पहिली इंडियन ग्रांप्री झाली. सुमारे ९५ हजार प्रेक्षक, चेकर्ड फ्लॅग दाखवायला सचिन, जिंकला फेटेल. पुढच्या वर्षी प्रेक्षक ६५ हजारांच्या आसपास. २०१३ ला फेटेलने तिथेच चौथं अजिंक्यपद पक्कं केलं आणि तीच शेवटची रेस ठरली. उत्तर प्रदेश सरकारच्या लेखी हा खेळ नव्हता, करमणूक होती, त्यामुळे करमणूक कराचं भांडण कोर्टात. खरी कारणं अशी कर आणि पैसा ही होती, पण चर्चेत निकाल लागला तो प्रेक्षकाचा: "भारतीयांना रेसमध्ये इंटरेस्टच नाही."

हे मला पटत नाही. २०१४ हे साल शर्यतवाल्यांसाठी एकूणच वाईट. फॉर्म्युला वन गेलं आणि ७ मे ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यतही थांबली. १६ डिसेंबर २०२१ ला तिला सशर्त परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदाही ग्राह्य धरला. आज यूट्यूबवर या शर्यतींचं थेट प्रक्षेपण बघा. माणसं ऑफिसमध्ये इअरफोन लावून फायनल बघतात. बैलाच्या वेदनांचा प्रश्न खराच आहे, तो इथे उडवून लावायचा नाही. पण ज्या मातीत बैलांची नावं पाठ असतात, तिथे शर्यतीची आवड नाही असं कसं म्हणणार?

मोजणी बदलली की चित्र बदलतं याचा पुरावाही आहे. ऑक्टोबर २०१५ पासून बार्कने ग्रामीण घरं धरायला सुरुवात केली आणि फ्री डिशवरची, शहरात कुणी न बघणारी चॅनेल्स थेट वरच्या यादीत गेली. ती माणसं आदल्या आठवड्यात जन्माला आली नव्हती.

फॉर्म्युला वनचे प्रेक्षक ६० कोटींवरून घसरले त्यातही हेच आहे. ब्रिटनमध्ये २०१२ पासून, फ्रान्समध्ये २०१३ पासून रेस मोठ्या प्रमाणात पैसे भरून बघायच्या चॅनेलवर गेल्या. लोकांचा इंटरेस्ट तितकाच असेल, पण दार अरुंद झालं. आपल्याकडे २०२२ नंतर स्टारने रेस दाखवणं थांबवलं, २०२४ पासून त्या फॅनकोड ॲपवर आल्या. आता होटगीतला पोरगा शेतात बसून मोबाइलवर रेस बघू शकतो आणि तो नक्की मोजला जातो, अगदी सेकंदासकट. अट एवढीच की त्याने पास घेतलेला असावा. म्हणजे रेघ परत आहेच. आधी ती जिल्ह्याची होती, मग शहराची, आता पाकिटाची.

तेव्हा यापुढे कुणी "आपल्याकडे अमुक कुणी बघत नाही" असं म्हणालं तर एक प्रश्न जरूर विचारा, मीटर कुठे लावला होता? उत्तर मिळेपर्यंत त्या आकड्यावरून ट्रॅक बांधू नका आणि बंदही करू नका.

असो. रविवार आहे, सहा वाजत आले. रेस साडेसहाला!