बारामतीची काळी आणि पांढरी

रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिण्याची कल्पना आपणांस १७६४ च्या ऑक्टोबरांत, रोम शहरांतील भग्नावशेषांमध्यें बसलें असतां सुचली, असें गिबननें आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. आमच्या देशावरील गांवांत असा योग सहसा येत नाहीं. कारण येथें भग्नावशेषच फार दिवस टिकत नाहींत. वाड्याची भिंत खचली कीं चार पावसाळ्यांत तिची माती होते, तुळया-खांब मोडींत जातात, आणि लौकरच त्या जागीं एखादी नवी इमारत उभी राहते. जुन्याबद्दल शोक करावा कीं नव्याबद्दल आनंद मानावा, हें ठरविण्यास उसंतच मिळत नाहीं. माझें जन्मगांव बारामती हें अशांपैकींच एक होय.

गांवाचे दोन भाग मानण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. घरें-दारें, देवळें, बाजार ज्या जागेवर असतात ती पांढरी, आणि जेथें पीक निघतें ती काळी. बारामतीचा गेल्या तीनशें वर्षांचा इतिहास म्हणजे या दोघींमधील देण्याघेण्याचा हिशेब आहे, असें मला वाटतें. आणि तो हिशेब नीट पाहिला म्हणजे शोक व आनंद या दोहोंसही थोडा आवर बसतो.

अठराव्या शतकांत मान पांढरीचा होता. बाबूजी नाईक जोशी हे त्या काळचे बडे सावकार. त्यांचे बंधु आबाजी नाईक हे बाळाजी विश्वनाथाचे जांवई. पहिल्या बाजीरावाच्या कर्जाच्या विवंचनेंत या घराण्याचें नांव वारंवार येतें. आणि १७४० सालीं बाजीराव वारल्यावर तर खुद्द बाबूजींनींच पेशवेपदावर डोळा ठेवला व रघूजी भोसल्यांनीं त्यांची बाजू उचलून धरली. तो डाव साधला नाहीं. परंतु कऱ्हेच्या कांठीं गढीसारखा भक्कम वाडा उभा राहिला, आणि त्याच्या आश्रयानें विद्या नांदूं लागली. पन्हाळ्यास १७२९ सालीं जन्मलेले मोरोपंत येथें आले, नाईकांच्या पदरीं पुराण सांगूं लागले, आणि १७९४ सालीं येथेंच निवर्तले. आर्याभारत व केकावली यांचा कर्ता आपल्या गांवीं राहिला, याचा अभिमान बारामतीकरानें कां बाळगूं नये?

अवश्य बाळगावा. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास पुढचा प्रश्न टाळतां येत नाहीं : या वैभवाचा पैसा कोठून येत होता? नाईक राज्यास कर्ज देत, राज्य तें महसुलांतून फेडी, आणि महसूल काळींतून येई. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, आश्रयदाते निस्तेज झाले. पण कर्ज बुडालें नाहीं, तें खेडुताच्या दारीं आलें. बारामतीच्या वायव्येस असलेल्या सुपें गांवीं १२ मे १८७५ रोजीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. दख्खनच्या दंग्यांचा तो आरंभ होय. पुढें गांवोगांव दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षां खतांवर व हिशेबाच्या वह्यांवर अधिक होता. अक्षर ही एकाची पूजेची वस्तु, तर दुसऱ्याची बेडी होती. मोरोपंतांच्या आर्या ज्या भूमींत लिहिल्या गेल्या, तिनें एका शतकाच्या आंतच हें दुसरें दृश्य पाहिलें. सरकारनें चौकशी केली व १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. मात्र बारामतीचें दैव कायद्यानें पालटलें नाहीं. तें पालटलें पाण्यानें.

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळांत पोट भरण्यासाठीं मजूर कामावर आले, आणि नीरेच्या डाव्या कालव्याची खोदाई झाली. १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी वाहूं लागलें. भाटघरच्या धरणानें त्यास आधार दिला, आणि १९२८ च्या सुमारास नवें मोठें धरण झाल्यावर तें भरवशाचें झालें. सासवडकडील माळी कालव्याच्या कांठीं येऊन ऊंस पिकवूं लागले, गुऱ्हाळें पेटलीं, आणि १९१४ सालीं दौंडाहून बारामतीस छोटी आगगाडी आली. शेजारच्या इंदापूर तालुक्यांत १९३४ च्या सुमारास वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर माळेगांव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथें शेतकऱ्यांचे सहकारी कारखाने निघाले. ज्याचा आजा सावकाराच्या ओट्याखालीं उभा राही, तो आतां कारखान्याच्या सभेंत संचालकास जाब विचारूं लागला. यास ऱ्हास कोण म्हणेल? मान आतां काळीकडे गेला होता.

त्यानंतरची कथा सर्वांच्या माहितीची आहे. १९६७ सालीं शरद पवार येथून प्रथम विधानसभेवर निवडून गेले. १९७२ सालीं विद्या प्रतिष्ठान निघालें. औद्योगिक वसाहत झाली, रस्ते रुंद झाले, आणि परगांवचीं मुलें शिकावयास येथें येऊं लागलीं. आमच्या पिढींतील कित्येकांस शिक्षणासाठीं पुण्याची वाट धरावी लागली. आजच्या मुलास ती गरज उरली नाहीं. काळीनें मिळविलेला पैसा पुन्हां पांढरींत आला, आणि या वेळीं तो एका घराण्याच्या वाड्यांत न जातां शाळा-कॉलेजांत गेला, हा फरक लहान नव्हे.

मग मनांत हुरहुर कां राहते? जुन्या पेठेंतले वाडे पडले म्हणून? त्यांतल्या पुष्कळांच्या पायाखालीं कोणाचें तरी गहाणखत होतें, हें जाणल्यावर तें दुःख पूर्वीइतकें निर्भेळ राहत नाहीं. माझी हुरहुर दुसरी आहे. जुन्या पांढरीनें पैशाबरोबर रिकामा वेळही जमविला होता, आणि तो पुराणश्रवणांत, आर्या पाठ करण्यांत खर्च होई. त्या वेळेचे वांटेकरी थोडे होते हें खरें. तथापि नव्या पांढरींत शिकणारे शेंकडों असूनही तसा वेळ काढणारे मला फार थोडे दिसतात. ज्या कवीमुळें गांवाचें नांव घरोघर पोंचलें, त्याची एक आर्या म्हणून दाखविणारा विद्यार्थी वर्गांत मिळणें कठीण झालें आहे.

दुसरें असें कीं, पाण्याच्या हिशेबांतही दोन बाजू आहेत. कालव्याखालच्या कित्येक जमिनी अति पाण्यानें पाणथळ व खारट झाल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच इंजिनियरांना येथें निचऱ्याचे उपाय शोधावे लागले. उलट सुपें-मोरगांवकडचा जिरायती भाग पावसाकडे डोळे लावून राहिला. इंदापूर तालुक्यांत तर १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणानें कित्येक गांवांची जुनी पांढरीच पोटांत घेतली. पाणी ओसरलें म्हणजे पळसदेवचें प्राचीन देऊळ वर येतें, आणि विस्थापितांचीं मुलें वाडवडिलांचें गांव पाहावयास जातात. आम्हां बारामतीकरांस असा शोक करावा लागला नाहीं, एवढ्यावरून आमचा उत्कर्ष फुकट मिळाला असें समजूं नये. कालव्याची माती दुष्काळांतल्या उपाशी माणसांनीं वाहिली आहे.

आषाढीच्या आधीं तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, आणि काटेवाडी, बेलवाडी, शेळगांव, निमगांव केतकी अशी कालव्याच्या मुलखांतून इंदूरास नव्हे, इंदापुरास आणि पुढें पंढरीस जाते. त्या वाटेवर ऊंसाचे मळे आहेत, कारखान्यांचीं धुराडीं आहेत, आणि जिरायत रानांतून आलेले वारकरीही आहेत. गांवाची भरभराट मोजावयाची तर रस्त्यांच्या रुंदीवरून मोजूं नये. सुप्याच्या शेतकऱ्यास पाणी मिळालें काय, आणि शेळगांवच्या मुलास मोरोपंत वाचावयास सवड मिळाली काय, हे दोन प्रश्न विचारावे. दोहोंचीं उत्तरें होकारार्थी येतील त्या दिवशीं पडलेल्या वाड्यांबद्दल मला कांहीं म्हणावयाचें उरणार नाहीं.