डेंग्यूचे रक्तनिदान

डेंग्यूचे रक्तनिदान : डेंग्यू विषाणूचा संसर्ग ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत करावयाच्या रक्तचाचण्या. अचानक चढणारा ताप, डोळ्यांमागे ठणका, अंगदुखी ही लक्षणे चिकुनगुन्या, हिवताप, लेप्टोस्पायरोसिस यांतही दिसतात. त्यामुळे केवळ लक्षणांवरून रुग्ण ‘संशयित’ ठरतो. खात्री रक्तावरूनच होते. कोणती चाचणी उपयोगी पडेल, हे तापाचा कितवा दिवस आहे यावर अवलंबून असते.

विषाणू शोधणाऱ्या चाचण्या : एडिस जातीचा बाधित डास चावल्यानंतर साधारणतः ४ ते १० दिवसांनी ताप येतो. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत विषाणू रक्तात असतो. आरटी-पीसीआर चाचणीत त्याचा आरएनए ओळखला जातो आणि चारपैकी कोणत्या उपप्रकाराची लागण झाली तेही कळते. मात्र तिला महागडी यंत्रे व प्रशिक्षित कर्मचारी लागतात. व्यवहारात एनएस-१ चाचणी अधिक वापरली जाते. एनएस-१ हे विषाणूचे प्रथिन बाधित पेशींतून रक्तात उतरते आणि तापाच्या पहिल्या दिवसापासूनच सापडू शकते.

प्रतिपिंड चाचण्या : शरीराने तयार केलेले आयजीएम प्रतिपिंड साधारणतः चौथ्या-पाचव्या दिवसापासून आढळू लागतात व दोन-तीन महिने टिकू शकतात. त्यामुळे केवळ आयजीएम आढळल्यास संसर्ग अलीकडचा आहे एवढेच म्हणता येते. पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्या व्यक्तीत आयजीजी लवकर व झपाट्याने वाढतात, तर आयजीएम कमी राहू शकतात.

निष्कर्षाचा अर्थ : दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आयजीएम न आढळल्याने डेंग्यू नाही असे ठरत नाही. उशिरा केलेली एनएस-१ चाचणी नकारात्मक येणेही तितकेच शक्य असते. दुसऱ्यांदा लागण झालेल्यांत जुने प्रतिपिंड एनएस-१ला बांधून ठेवतात, म्हणून ती सुरुवातीलाही चुकू शकते. जपानी मेंदूज्वर व झिका यांचे विषाणू डेंग्यूच्याच कुलातील असल्याने प्रतिपिंड चाचणी त्यांच्यामुळेही सकारात्मक येऊ शकते. काही मिनिटांत निकाल देणाऱ्या कार्ड टेस्टपेक्षा एलायझा पद्धत अधिक भरवशाची मानतात. या कारणांमुळे नमुन्याच्या अर्जावर ताप सुरू झाल्याची तारीख लिहिणे आवश्यक असते.

रक्तगणना : सीबीसी चाचणीने डेंग्यू सिद्ध होत नाही, पण रुग्णाची स्थिती समजते. प्रथम पांढऱ्या पेशी घटतात, मग प्लेटलेट उतरतात. प्लेटलेटची सामान्य संख्या दर घन मिलिमीटरला दीड ते साडेचार लाख असते. रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण दाखवणारा हिमॅटोक्रिट मूळ पातळीपेक्षा २० टक्के वाढल्यास रक्तद्रव वाहिन्यांबाहेर झिरपत असल्याचे समजतात. हा धोका बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरत असताना उद्भवतो. म्हणून ताप गेल्यावरही तपासणी चालू ठेवतात. प्लेटलेटइतकेच लक्ष हिमॅटोक्रिटकडेही द्यावे लागते, कारण शिरेतून किती द्रव द्यायचा हे ठरवताना त्याचा आधार घेतात.

लवकर निदानाचा उपयोग : डेंग्यूवर विषाणूनाशक औषध रूढ नाही. तरीही संसर्ग वेळीच कळला तर रक्तस्रावाचा धोका वाढवणारी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे टाळता येतात आणि धोक्याच्या दिवसांत रुग्णावर नजर ठेवता येते.

भारतातील व्यवस्था : १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून पुण्यात स्थापन झालेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही) आयजीएम एलायझाचे संच तयार करते. सरकारी कार्यक्रमाखालील निवडक ‘सेंटिनल’ रुग्णालयांना ते पुरवले जातात. एनएस-१ एलायझाचा या कार्यक्रमात २०१० मध्ये समावेश झाला. कार्ड टेस्ट सकारात्मक आलेला रुग्ण ‘संभाव्य’ गणला जातो आणि एलायझाने खात्री करून घेतली जाते. रुग्ण आढळल्याचे कळताच आरोग्य कर्मचारी त्याच्या परिसरात घरोघरी साठलेल्या पाण्यातील डासअळ्या शोधतात.